झुलू सरदारांना समुद्रापार नेलं ते 'कायदेशीर'च होतं म्हणणाऱ्यांसाठी

रानवारा: परवा एकांनी इथे लिहिलं, "दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू पुढाऱ्यांना अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटावर पाठवलं त्यात बेकायदा काही नाही, कैदी हलवण्याचा 1884 चा कायदा होता, दोन्ही वसाहतींचे गव्हर्नर तयार, लंडनची सही, विषय संपला." डोकं फिरलं वाचून. 1884 च्या आधी काय चालायचं ते बघा ना. लांगालिबालेले. 1873 मध्ये या सरदाराचं बंदुकांच्या नोंदणीवरून नाताळ, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या ब्रिटिश वसाहतीच्या, सरकारशी बिनसलं, पकडून आणला, 1874 मध्ये खटला. न्यायासनावर कोण, तर लेफ्टनंट गव्हर्नर पाइन, म्हणजे ज्याच्या सरकारने त्याच्यावर फौज सोडली तोच. उलटतपासणी घ्यायला वकील नाही. शिक्षा काय, जन्माची हद्दपारी. आता नाताळच्या कायद्याचा हात नाताळच्या हद्दीपर्यंत, आणि त्याला ठेवायचं होतं ते रॉबेन बेट केप कॉलनी या दुसऱ्या वसाहतीचं. माणूस तिथे उतरवला की केपचं कोर्ट विचारणार, याला कुठल्या कायद्याने डांबलाय? उत्तरच नव्हतं. म्हणून मग केपच्या पार्लमेंटकडून खास त्याच्यासाठी कायदा करून घेतला. शिक्षा आधी सुनावली आणि ती भोगायला लावायचा अधिकार मागून पैदा केला, याला कायदेशीर म्हणायचं?

कोर्टकचेरी: ते लिहिणारा मीच. पहिलं म्हणजे लांगालिबालेले ह्लुबी जमातीचा, झुलू नव्हे, सगळ्यांना एका पोत्यात भरू नका. दुसरं, अधिकार नव्हता तर विधिमंडळाकडे जाऊन तो घेतला, हे चांगलं की वाईट? गुपचूप बोटीत घालून नेला असता तर? आणि नाताळचे बिशप कोलेन्झोंनी आवाज उठवल्यावर लंडनमध्ये वसाहतमंत्री कार्नार्व्हनने पाइनला परत बोलावलं, कैद्याला बेटावरून हलवायला लावलं. व्यवस्था चालली की. कुणी 1679 च्या हेबियस कॉर्पसचं (बेकायदा कैदेविरुद्धच्या इंग्लिश कायद्याचं) समुद्रापार तुरुंगाची बंदी घालणारं कलम काढेल म्हणून आधीच सांगतो, ते इंग्लंडच्या रहिवाशांपुरतं होतं.

रानवारा: ह्लुबी, बरोबर. पण कार्नार्व्हनचं अर्धंच सांगितलंत. बेटावरून काढला आणि केपच्याच मुख्य भूमीवर एका शेतावर ठेवला. घरी कधी गेला? 1887. मेला कधी? 1889. जो खटला लंडनलाच पटला नाही त्या खटल्याची शिक्षा माणसाने तेरा वर्षं भोगली, तुमची व्यवस्था चालली ती कोणासाठी चालली?

अदिती_प: मला वेगळाच राग आहे. वासुदेव बळवंतांना एडनला नेलं तेव्हा कुठल्या पार्लमेंटला विचारलं होतं? कुणालाच नाही, कारण एडन मुंबई इलाख्यात. टिळकांना 1908 ला मंडालेला, ब्रह्मदेश हिंदुस्थान सरकारच्या ताब्यात, तिथेही प्रश्न नाही. नकाशावर रेघ कुठे मारली यावर माणसाचे हक्क ठरणार असतील तर तो कायदा नाही, सोय आहे. फडके 1883 मध्ये तिथेच गेले. त्यांच्यावर कुणी असा धागा काढत नाही.

कोर्टकचेरी: अदितीताई, विषय झुलूंचा आहे, प्रत्येक धाग्यावर फडके आणायचे नसतात.

अदिती_प: का नाही आणायचे? तुमचाच मुद्दा आहे की दोन वसाहती असल्या की संमती लागते. मग एकच 'वसाहत' दोन हजार मैल पसरवली की संमतीची कटकटच मिटली! शिरढोणला फडक्यांचं घर बघून या आणि मग सांगा एडन हा 'आपलाच इलाखा' कसा ते.

जुनाजाणता: ताईंशी सहमत. माझ्या मामाला अंडरट्रायल असताना एका जेलमधून राज्याच्या दुसऱ्या टोकाच्या जेलमध्ये हलवलं, कारण लिहिलं 'प्रशासकीय'. आजी नातीच्या हातात डबा देऊन गेटवर पाठवायची, ती जाऊन आली आणि म्हणाली मामा इथे नाहीच. वकिलालाही माहीत नव्हतं. ऑर्डर एकदम कायदेशीर होती हो, सही-शिक्क्यासकट. आजी त्यानंतर एकदाच भेटू शकली, एसटीचा तो प्रवास तिला झेपणारा नव्हता. त्यामुळे कलमं मला शिकवू नका, माणसाला लांब नेणं हीच शिक्षा असते.

कोर्टकचेरी: वाईट वाटलं वाचून, खरंच. पण आजचं जेल मॅन्युअल वेगळं आणि 1884 चा कायदा वेगळा. त्यात कारणं दिली होती, तब्येतीला धोका, योग्य तुरुंग नसणं, सुरक्षित कोठडी. मनमानीला लगाम घालायलाच तो केला.

रानवारा: 'सुरक्षित कोठडीसाठी सोयीचं' हे कारण कुठल्या कैद्याला लागू होत नाही? आणि खरी मेख 1906 ची आहे. डोईपट्टीवरून नाताळमध्ये बंबाथा या सरदाराचं बंड झालं, मार्शल लॉच्या कोर्टांनी शिक्षा ठोठावल्या. टिलोंको नावाचा सरदार लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे वसाहतींच्या शेवटच्या अपील कोर्टापर्यंत गेला. तिथले न्यायाधीश लॉर्ड हॉल्सबरींनी काय सांगितलं, की ही मार्शल लॉची न्यायालयं न्यायालयंच नव्हेत, तेव्हा अपील कसलं. बरं, न्यायालय नव्हे तर मग शिक्षा कुणी दिली? 1884 च्या कायद्याने 'शिक्षा भोगणारा कैदी' असेल तरच त्याला हलवायचं ना? नाताळने इंडेम्निटीचा कायदा करून झालेलं सगळं मागाहून वैध केलं आणि 1907 मध्ये 25 जणांना सेंट हेलेनाला रवाना केलं. अपील करायला गेलात तर ते कोर्ट नाही, तुरुंगात टाकायचं तर त्याचा निकाल पक्का.

समुद्रपक्षी: झुलूंचा राजा डिनुझुलूला विसरलात सगळे. झुलूलँड, म्हणजे झुलूंचं राज्य, खालसा 1887 मध्ये, 1889 ला एशोवेच्या खास कोर्टात त्याला राजद्रोहासाठी दहा वर्षं. राज्य घेऊन दोन वर्षं झाली नाहीत तर राजनिष्ठा कसली मागता? सेंट हेलेनावर तो पियानो शिकला, युरोपी कपडे घालायला लागला, मुलं तिथेच झाली. परत आला तर 1908 ला पुन्हा खटला, चार वर्षं. 1910 मध्ये दक्षिण आफ्रिकेचा पंतप्रधान बोथाने सोडला तोही झुलूलँडमध्ये नाही, ट्रान्सव्हालमधल्या शेतावर, तिथेच 1913 ला गेला. म्हणजे सुटला तरी घर नाहीच.

कोर्टकचेरी: टिलोंकोचा मुद्दा वजनदार आहे, एवढं म्हणेन. मागून वैध केलेल्या शिक्षेवर 1884 चा कायदा चालवणं मलाही पटत नाही. पण रानवारा, तुम्ही 'बेकायदा' म्हणता तिथे मी अजूनही 'अन्याय्य' म्हणेन. त्या काळच्या कोर्टात उभं राहून तुम्ही जिंकला नसता.

रानवारा: नसतो जिंकलो. कोर्टच त्यांचं होतं.

अदिती_प: आणि एडनचं उत्तर अजून आलेलं नाही.