मदत हवी आहे : शेतजमीन राखण्याच्या तीन पर्यायांची तुलना कशी करावी? (मेरीलँड)

नमस्कार. आम्ही अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात एका काउंटीच्या (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) ग्रामीण भागात राहतो. पुढील वीस वर्षांच्या जमीनवापरासाठी काउंटीने तीन पर्याय मांडले आहेत आणि त्यांवर रहिवाशांकडून लेखी हरकती-सूचना मागवल्या आहेत. पहिला पर्याय आजच्याच नियमाचा, म्हणजे ५ एकरांना एक घर. दुसऱ्यात तेवढीच घरे एका कोपऱ्यात दाटीने बांधून उरलेली जमीन कायमची मोकळी ठेवायची. तिसऱ्यात २५ एकरांना एकच घर, आणि शेतकऱ्याला मोबदला म्हणून टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे आपल्या जमिनीवर न बांधलेल्या घरांचे हक्क दुसरीकडे बांधणाऱ्याला विकण्याची सोय).

तिसरा पर्याय याच राज्यातल्या माँटगोमेरी काउंटीवरून घेतलेला आहे. तिथे १९८० साली सुमारे ९३,००० एकर, म्हणजे काउंटीचा जवळजवळ एकतृतीयांश भाग, शेतीसाठी राखला गेला. घरांवर २५ एकरांची मर्यादा आली, तरी बांधकामाचे हक्क मात्र दर ५ एकरांना एक या हिशेबाने विकण्याची मुभा शेतकऱ्याला मिळाली. मुंबईत १९९१ च्या नियमावलीपासून आपण जो टीडीआर ऐकत आलो, त्यात आरक्षणाखालची जागा मालकाच्या हातून जाते. इथे जमीन शेतकऱ्याकडेच राहते, हा फरक मला फार मोलाचा वाटतो. पण हे हक्क विकत घेऊन जादा घरे बांधता येतील असा शहरी भाग आधी ठरलेला नसेल, तर ते कागदावरच राहतील, आणि आमच्या आराखड्यात तो भाग अजून दाखवलेला नाही.

आमच्या घरामागे सोयाबीनचे शेत आहे. पाणी किती वेगाने मुरते हे पाहण्यासाठी गेल्या शरद ऋतूत तिथे खड्डे खणले गेले, कारण इथे सांडपाण्याची वाहिनी नाही आणि प्रत्येक घराला स्वतःची विहीर व सेप्टिक टाकी लागते. आता शेतातल्या ओळींमधून नारिंगी फिती बांधलेल्या खुंट्या उभ्या आहेत. शेताचे मालक सत्तरीचे आहेत. ‘ही जमीनच माझी पेन्शन’ असे ते म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे मला खोडता येत नाही.

काउंटीच्या तक्त्यात फक्त घरांची संख्या आणि वाचलेले एकर आहेत. वाचलेली जमीन सलग आहे की तुकड्यातुकड्यांत, तिचा कस कसा आहे, दाटीने बसवलेल्या सेप्टिक टाक्यांमुळे विहिरींत नायट्रेट (सांडपाण्यातून येणारा, पिण्याच्या पाण्यात अपायकारक क्षार) किती उतरेल, यांपैकी कशाचाच त्यात उल्लेख नाही. नगररचनेत काम केलेल्यांनी कृपया सांगावे : या बाबी मोजून तिन्ही पर्याय एकाच तक्त्यात कसे आणावेत? आणि शेतकऱ्याच्या नुकसानीचा हिशेब जमिनीच्या आजच्या बाजारभावाने धरावा, की टीडीआरच्या अपेक्षित किमतीने?

सूचना पाठवायला दोन आठवडे उरले आहेत. नकाशा आणि तक्ता लागल्यास खाली प्रतिसादात देते.