समान गुण असताना क्रमांक सलग कसे लावायचे? (एक्सेल २०१०) मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

वक्तृत्व स्पर्धेचा निकाल एक्सेलमध्ये करतोय. नावं बी कॉलममध्ये, तीन परीक्षकांच्या गुणांची बेरीज सी मध्ये. रँक (क्रमांक लावणारं फंक्शन) वापरलं तर ८७, ८४, ८४, ८१ या गुणांना १, २, २, ४ असे क्रमांक येतात. गणिताने बरोबरच आहे, पण आयोजकांना १, २, २, ३ हवेत. तिसऱ्या क्रमांकाची ढाल आणून ठेवलीय ना! रँक.ॲव्हरेजने तर दोघांना अडीचावा क्रमांक मिळतो, तो कोणाला द्यायचा?

रँकमध्ये काउंटइफ (एखादी किंमत किती वेळा आली ते मोजणारं फंक्शन) मिळवून समान क्रमांक फोडण्याची युक्ती माहीत आहे, पण त्यात यादीत वर असलेल्याला वरचा क्रमांक मिळतो. ते अन्यायाचं वाटतं.

शेवटी समप्रॉडक्ट (ओळींच्या गुणाकारांची बेरीज करणारं फंक्शन) घेतलं: आपल्यापेक्षा जास्त गुणांच्या प्रत्येक ओळीसाठी १ ला त्या गुणांच्या काउंटइफने भागायचं, बेरीज करून १ मिळवायचा. पूर्ण यादीवर छान चालतं. घोळ गैरहजर मुलांचा. सेल रिकामा ठेवला की सगळीकडे शून्याने भागल्याची एरर. तिथे ‘गैरहजर’ लिहिलं की पहिला नंबर चक्क दुसरा होतो, कारण एक्सेल मजकुराला आकड्यापेक्षा मोठा धरतं. शून्य भरायचं नाही. आलाच नाही त्याला शून्य गुण कसे दाखवणार?

तर ‘गैरहजर’ तसंच ठेवून सलग क्रमांक देणारा फॉर्म्युला कोणी सांगेल का? शिवाय फक्त पहिल्या क्रमांकासाठी बरोबरी झाली तर डी मधले विषयमांडणीचे गुण बघायचे आहेत, बाकीच्या बरोबऱ्या तशाच राहू द्यायच्या. युनिक फंक्शन (पुन्हा आलेल्या किंमती एकदाच देणारं) या आवृत्तीत नाही, मॅक्रोही (एक्सेलमधला छोटा प्रोग्राम) नको.