सायकल कडेने चालवायला कड आहे कुठे?

सातारारोडकर: 'ट्रॅक असताना सायकलवाले रस्त्यात कडमडतात, दंड ठोका' हे काल वाचलं आणि डोकंच फिरलं. मी रोज धनकवडी ते स्वारगेट सायकलने जातो. 2006 ला पुण्यात बीआरटी, म्हणजे बससाठी वेगळी लेन, आली तेव्हापासून सायकल ट्रॅकचं ऐकतोय. प्रत्यक्षात काय? पेव्हर ब्लॉक, त्यावर ओळीने लावलेल्या दुचाक्या, मग बसथांबा. रस्त्याच्या कडेने जावं तर खडी, चेंबरची जाळी आणि उभ्या गाड्या. दोन वर्षांपूर्वी एकाने मागे न बघता दार उघडलं. हँडल अडकलं, मी डांबरावर, हनुवटीला 3 टाके. तेव्हापासून उभ्या गाडीपासून मीटरभर लांबूनच जातो. ड्रायव्हरने दार डाव्या हाताने उघडावं, मान आपोआप मागे वळते. फार मागतोय का?

दूधटेम्पो: दंडाचं मीच लिहिलं, मागे घेणार नाही. टाके पडले त्याचं वाईट वाटलं. पण पहाटे साडेपाचला सिंहगडाकडे निघालेले तुमचे भिडू बघा. काळे कपडे, जोडीने गप्पा, मागे लाल दिवा नाही. समोरच्याने हेडलाइटचा अप्पर मारला की मला काही दिसत नाही, आणि चाळीसच्या वेगाला टेम्पो सेकंदाला 11 मीटर जातो. गेल्या पावसाळ्यात असाच ब्रेक दाबला. चार कॅन आडवे झाले. पोरगा वाचला, पण माझे हात अर्धा तास थरथरत होते.

नळस्टॉप: अप्परचा विषय काढलात ते बरं केलं. कर्वे रोडला दिवे लख्ख असताना अप्पर कशाला? त्यात बाहेरून बसवलेले ते पांढरे एलईडी! डोळ्यांपुढे अंधारी येते.

दूधटेम्पो: आणि डिपर दिला तर समोरचा आणखी पेटतो.

जुनापेठकर: आमच्या वेळी सायकलला दिवा नसला की हवालदार चाकातली हवा सोडायचा. डबलसीट दिसलं तरी धरायचा. पालिकेचा सायकल-कराचा बिल्लासुद्धा लागायचा. धाक होता.

सातारारोडकर: काका, तेव्हा रस्त्यावर सायकलीच जास्त होत्या. आज हवा कुणाची सोडायची? ट्रॅकवर गाडी लावणाऱ्याची सोडा आधी!

जुनापेठकर: त्याचीही सोडा. मी कुठे नाही म्हणतोय?

सातारारोडकर: मागच्या दिव्याचं मान्य. अंधारात बिनदिव्याने निघणाऱ्याची बाजू मी घेणार नाही.

दूधटेम्पो: आत्ता टेम्पोचं दार डाव्या हाताने उघडून पाहिलं. वळते मान. पण जोडीने चालवणाऱ्यांना हॉर्न मारणारच.