मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को: आईसाठी दुबईमार्गे बरं की फ्रँकफर्टमार्गे?

नमस्कार मंडळी,

आई (वय ७४) नोव्हेंबरअखेरीस ताईकडे कॅलिफोर्नियाला निघाली आहे, तीही एकटी. गुडघे दुखतात, बीपीची गोळी रोज सकाळी आठला. तिकीट काढायच्या आधी जाणकारांचा सल्ला हवा आहे.

सरळ अंतर साधारण १३,५०० किमी. दोन्ही शहरांचे रेखांश जवळजवळ समोरासमोर, त्यामुळे पृथ्वीगोलावर दोरा ताणला तर तो उत्तर ध्रुवाजवळून जातो! ताशी ९०० किमीने भागलं की १५ तास येतात, पण एक थांबा धरला की हिशोब पार बदलतो.

दुबईमार्गे: आधी सव्वातीन तास, मग १३,००० किमीचा सलग टप्पा, जवळपास १६ तासांचा. मधला थांबा धरून २२-२३ तास.

फ्रँकफर्टमार्गे: आधी ९ तास (६,५०० किमीच्या आसपास), साडेचार तास थांबा, मग ९,१०० किमीला साडेअकरा तास. तिकिटावर मुंबईहून रात्री १ ला निघून त्याच तारखेला दुपारी १२:३० ला पोहोच दिसते. दोन्ही वेळा स्थानिक आहेत. हिवाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे, म्हणजे प्रवास पूर्ण २५ तासांचा.

मला काळजी सलग १६ तासांची वाटते. पाय सुजतात तिचे. पण फ्रँकफर्टला एकटीने विमान बदलणं जमेल का? इंग्रजी जेमतेम, हिंदी उत्तम.

आणि गोळीचं काय? भारताच्या वेळेने चाललं तर पहिली गोळी विमानात आणि पुढची तिथल्या संध्याकाळी साडेसहाला येते. तुमच्या आईवडिलांच्या वेळी तुम्ही काय केलंत?

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद:

मी दुबईच सुचवेन. तिथे हिंदी बोलणारं माणूस कुठेही भेटतं, आणि एकट्या ज्येष्ठ माणसाला गडबड होते ती विमान बदलताना, बसल्याजागी नाही. व्हीलचेअर मात्र तिकीट काढतानाच दोन्ही टप्प्यांसाठी मागा, नुसती मुंबईपुरती नको. सीट आइलची घ्या, म्हणजे शेजाऱ्याला न उठवता दर दीड-दोन तासांनी फेरी मारता येईल. सुजेसाठी दाबाचे मोजे घालावेत का, हे डॉक्टरांना विचारून घ्या.

गोळीचंही त्यांनाच विचारा, पण तुम्ही काढलेलं हे साडेसहाचं गणित कागदावर घेऊन जा. नुसतं 'अमेरिकेला चाललीय' सांगितलं तर त्यांना नेमकं सांगता येत नाही. दुबईच्या तिकिटाच्या वेळा हाती आल्या की हेच गणित पुन्हा मांडा. सगळ्या गोळ्या प्रिस्क्रिप्शनसह हातातल्या पर्समध्येच ठेवायला सांगा. आणि ताईंचा पत्ता व फोन मोठ्या अक्षरात लिहून पासपोर्टच्या कव्हरात ठेवा, इमिग्रेशनला तो विचारतात.