मदत हवी आहे : तेलसाठ्याचे दावे आणि कंपनीचा ताळेबंद

वडिलांच्या डीमॅटमध्ये तेलशोध करणाऱ्या एका छोट्या लिस्टेड कंपनीचे शेअर आहेत. तिचा ब्लॉक (तेलशोधासाठी मिळालेलं क्षेत्र) गुजरातेत, जमिनीवर. प्रेझेंटेशनमध्ये 'संभाव्य साठा' कोट्यवधी बॅरलचा दाखवलाय, पण तो 'प्रॉस्पेक्टिव्ह रिसोर्स' आहे. म्हणजे विहिरीने सिद्ध झालेला नाही, नुसता सिस्मिकवरचा (भूकंपलहरींनी केलेल्या भूगर्भ-पाहणीवरचा) अंदाज. केजी (कृष्णा-गोदावरी) खोऱ्यात जीएसपीसी या गुजरात सरकारच्या कंपनीने २००५ मध्ये २० टीसीएफ (लाख कोटी घनफूट) गॅस जाहीर केला होता, मान्य झालेला साठा त्याच्या किती थोडा निघाला! म्हणून धाकधूक आहे.

तीन वर्षांचे वार्षिक अहवाल वाचलेत. विक्री जवळपास शून्य. ऑडिटरने 'गोइंग कन्सर्न'वर, म्हणजे कंपनी पुढे चालू राहील का यावर, शंका नोंदवली आहे. शोधाचा खर्च मात्र नफा-तोट्यात न येता मालमत्तेत साठत चाललाय, आणि दरवर्षी प्रेफरेन्शियल वॉरंट (ठरावीक लोकांनाच पुढे शेअर घेण्याचा हक्क) निघतात. कंपनीला मेल केला, उत्तर नाही. प्रवर्तकांचे शेअर तारण नाहीत, तेवढं तपासलंय.

टिप मागत नाहीये. विहीर कोरडी निघाली तर हा साठलेला खर्च कंपनीने नेमका कधी निर्लेखित (राइट-ऑफ) करायला हवा? आणि तिने सांगितलेला 'शोध' (तेल सापडल्याचा दावा) डीजीएचला, म्हणजे केंद्राच्या हायड्रोकार्बन महासंचालनालयाला, खरंच कळवला आहे का, हे सामान्य भागधारकाला कुठे पाहता येईल?