'लेझी'ला आळशी म्हणायचं का? आणि 'प्रॉक्सी'ला?

कातळसडा (रत्नागिरी): पॉलिटेक्निकच्या मुलांसाठी जावाची मराठी टिपणं करतोय आणि 'लेझी लोडिंग'पाशी अडलोय. ऑर्डर आणि ग्राहक हे नातं लेझी ठेवलं की हायबरनेट (जावा आणि डेटाबेस जोडणारी लायब्ररी) ऑर्डरसोबत ग्राहकाचं ऑब्जेक्ट लगेच भरून आणत नाही. त्या जागी प्रॉक्सी बसते. तिच्याकडे फक्त आयडी. नाव विचारलंत की मगच डेटाबेसकडे क्वेरी जाते. याला मी 'आळशी भारण' लिहिलं, तर सहकारी बाई म्हणाल्या, भारण मांत्रिक करतो. 'प्रॉक्सी'ला केलेला 'प्रतिनिधी'ही त्यांनी खोडला. सुचवा काहीतरी.

सुरंगी (कुडाळ): आळशी नकोच. आळशी माणूस दहा हाका मारल्या तरी उठत नाही. हे बेणं पहिल्या हाकेला उठतं. आमच्या मालवणीत 'व्हया तेव्हा' म्हणतात. 'व्हया तेव्हा निर्मिती' लिहा, मुलं विसरणार नाहीत.

दप्तरदार (चिपळूण): बोलीतले शब्द परीक्षेत चालायचे नाहीत. 'यथावश्यक निर्मिती' करा. आणि 'प्रतिनिधी'त खोट काय? राजाराम महाराज जिंजीला असताना प्रल्हाद निराजींना प्रतिनिधिपद मिळालं, तेव्हापासून शब्द राज्यकारभारात रुळलेला आहे.

सुरंगी: खोट हीच, की प्रतिनिधी कारभार करतो. ही बापडी स्वतःचं काही ठरवत नाही, विचारलेलं मूळ ऑब्जेक्टकडे पोचवते. आणि 'यथावश्यक' म्हणणारं पोर मी अजून पाहिलं नाही. कॉलेजात प्रॉक्सी सगळेच लावतात. तो शब्द शिकवावा लागत नाही.

वल्हेकरी (मालवण): मूळ गोष्ट राहतेय. समोरच्याला फरक कळू नये, ही प्रॉक्सीची पहिली अट. हायबरनेट त्यासाठी मूळ क्लासचा, म्हणजे ऑब्जेक्टच्या साच्याचा, सबक्लास (त्यावरून बेतलेला उपसाचा) तयार करतं, म्हणून तर क्लास फायनल असला, म्हणजे त्यावरून दुसरा बेतायला मनाई असली, की अशी प्रॉक्सी होत नाही. 'गेटक्लास', म्हणजे 'तू कुठल्या क्लासचा', असं विचारलं की मात्र सोंग उघडं पडतं. याला मराठीत एकच शब्द: तोतया.

कातळसडा: वा! तो तर आमच्या रत्नागिरीचाच. सदाशिवरावभाऊंचा तोतया इथे कैदेत होता. १७७६ साली सुटला आणि कोकणातले किल्ले घेत निघाला.

दप्तरदार: आणि त्याच वर्षी त्याला पुण्यात देहदंड झाला, तेही लिहा टिपणांत. तोतयामागे खरा माणूस येत नाही. भाऊसाहेब पानिपतावरून आलेच नाहीत. प्रॉक्सीमागे खरं ऑब्जेक्ट येतं.

वल्हेकरी: येतंच असं नाही. सेशन, म्हणजे डेटाबेसशी चाललेलं बोलणं, बंद झाल्यावर नाव विचारून बघा, लेझीइनिशियलायझेशनएक्सेप्शन ही एरर तोंडावर आदळते. बाकी 'तोतया' तोत्यावरूनच आला असणार. पढवलेलं बोलणारा.

दप्तरदार: असणार म्हणजे व्युत्पत्ती नव्हे. 'मुखत्यार' अर्थाला जवळचा होता, पण परका पडला. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत होते, भाषाशुद्धीवर इतकं लिहिलं, निदान तिथल्या माणसाने तरी…

सुरंगी: तुमच्या नावातलं दप्तर कुठलं हो? आणि 'दार'? दोन्ही फारसीतून आलेत. आधी ते शुद्ध करा, मग मुखत्याराला बाहेर काढा.

नवखा (दापोली): मधेच बोलतो. पीएचपी या दुसऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या ८.४ आवृत्तीपासून, म्हणजे नोव्हेंबर २०२४ पासून, हे भाषेतच आलंय, आणि दोन तऱ्हांनी. लेझी प्रॉक्सी वेळ आली की मागे दुसरं ऑब्जेक्ट उभं करून काम त्याच्याकडे सोपवते. लेझी घोस्ट तसं करत नाही. ते आधी रिकामं असतं आणि आतलं काही वाचायला गेलं की जागच्या जागी भरतं. तिथे कातळसडा यांचं 'भारण' शोभेल.

सुरंगी: भारण कित्याक, सरळ अवसर म्हणा! अंग त्याचाच, फक्त आत वारा येता.

वल्हेकरी: अवसार. आमच्याकडे 'सा'.

सुरंगी: माझी आजी अवसरच म्हणायची. देवळात अवसर यायचा.

दप्तरदार: अवसर म्हणजे संधी. संस्कृत शब्द आहे.

वल्हेकरी: देवाला अंगात यायची संधी?

कातळसडा: मंडळी, टिपणं छपाईला द्यायची आहेत. 'प्रॉक्सी' आहे तसंच ठेवतो. 'लेझी'चं काय ते सांगा.

वल्हेकरी: आधी अवसाराचं होऊ दे. देवगडचं कोणी आहे का इथे? तिकडे काय म्हणतात?