सामूहिक बाग: २४ वाफे, एक नळ आणि ७ वाफे ओस. आधी कशाला हात घालावा?

परसदार

शहरातल्या मोकळ्या जागेवरची सामूहिक बाग. वाफे २४, प्रत्येकी १.२ × २.४ मीटर, ३० सेंमी उंच. नळ एकच, मिनिटाला साधारण १० लिटर देणारा. खतासाठी लाकडी फळ्यांच्या दोन पेट्या, दोन्हींना वास मारतो. ७ वाफ्यांत निव्वळ तण, त्यात लव्हाळाही शिरलाय. संध्याकाळी सहा ते सात नळापाशी रांग आणि त्यावरून कुरबुर.

काहींना दुसरा नळ हवाय, काहींना वाफे कमी करायचेत, काहींना प्रत्येकाच्या कामाच्या तासांची हजेरी मांडायची आहे. सुरुवात कुठून करावी? आणि लव्हाळ्याचं काय?

झारीवाला

पाण्यापासून. पण नळ घ्यायच्या आधी हिशेब मांडा.

१ चौरस मीटरवर १ मिमी पाणी म्हणजे १ लिटर. तुमचा वाफा २.८८ चौरस मीटरचा. कडक उन्हात भाजीपाल्याला दिवसाला ५ ते ६ मिमी लागतं. ६ धरलं तर वाफ्याला १७ लिटर, चोवीसांना मिळून ४१५. तुमचा नळ एवढं पाणी ४२ मिनिटांत देतो. तेव्हा तुटवडा पाण्याचा नाहीच, सगळे एकाच तासाला येतात हा आहे. दुसरा नळ त्याच लाइनवरून घेतलात तर बहुधा दोन्हींची धार बारीक होईल, बाकी काही नाही.

ठिबक करा. प्रत्येक वाफ्यात १६ मिमीच्या तीन नळ्या लांबीच्या दिशेने, दर ३० सेंमीवर ताशी २ लिटरचा ड्रिपर (थेंबथेंब पाणी सोडणारं तोंड). एका नळीवर ८, वाफ्यात २४ ड्रिपर, म्हणजे ताशी ४८ लिटर. सगळे वाफे एकदम सोडले तर ताशी ११५० लिटर लागतील, नळ देतो ६००. म्हणून आठ-आठ वाफ्यांचे तीन गट. एका गटाला ताशी ३८४ लिटर, नळाला सहज झेपतात. प्रत्येक गट २२ मिनिटं चालवला की १७ लिटर पोचले. पहाटे तासाभरात बाग भिजून मोकळी. ठिबकची नळी एकूण १७५ मीटरच्या आसपास लागेल, मुख्य पाइप वेगळा.

जोडणीचा क्रम चुकवू नका. नळ, मग एकमार्गी झडप (बागेतलं पाणी उलटं पिण्याच्या लाइनमध्ये जाता कामा नये), मग १२० मेशची (इंचाला १२० भोकांची जाळी असलेली) गाळणी, मग ठरल्या वेळी पाणी सोडणारा-बंद करणारा तीन तोंडांचा टायमर, आणि टायमरनंतर प्रत्येक गटाला एक दाबनियंत्रक, १ बारचा (बार हे दाबाचं माप). गाळणी टायमरच्या आधी असली की टायमरच्या झडपेतही कचरा अडकत नाही.

पुढे बिघडतं ते नेहमीच्याच दोन गोष्टींनी. एक म्हणजे क्षारांनी ड्रिपर बुजतात. महिन्यातून एकदा नळ्यांची शेवटची टोकं उघडून पाच मिनिटं पाणी जोरात सोडा. दुसरं म्हणजे खुरपं लागून नळी कापली जाते. १६ मिमीचे दहा-बारा जॉइनर अवजारांच्या पेटीत कायम ठेवा, नाहीतर कुणीतरी चिंधी बांधून ठेवतो आणि त्या गटातल्या शेवटच्या वाफ्याला थेंब पोचत नाही.

बी पेरल्यावर मात्र पहिले दहा-बारा दिवस झारीच. ड्रिपरच्या मधली वरची माती कोरडीच राहते आणि उगवण ठिगळाठिगळांनी होते.

गांडूळपेटी

खताच्या पेट्यांबद्दल. आधी वास कोणता ते सांगा. कुजक्या अंड्यांसारखा असेल तर आत हवा नाही. डोळ्यांत झोंबणारा, अमोनियाचा असेल तर ओलं जास्त, सुकं कमी. दोन्हींवर उतारा बराचसा सारखाच: ढीग उलथायचा आणि सुका पालापाचोळा मिसळायचा. मात्र फक्त उलथून भागत नाही, चार दिवसांत वास परत येतो.

घरातून ओला कचरा रोज येतो, सुका पाला वर्षातून एकदाच गळतो आणि तेव्हा तो गोण्या भरून बाहेर टाकला जातो. सामूहिक पेट्या वासाला लागतात त्या इथेच. एक बादली ओल्याला दोन ते तीन बादल्या सुकं, हे प्रमाण घनफळाचं, वजनाचं नाही. तेव्हा पाल्याचा साठा ओल्याच्या दुप्पट-तिप्पट हवा. पेटीशेजारी जाळीचा पिंजरा करून त्यात पाला भरून ठेवा. पिंजरा रिकामा झाला की ओला कचरा घेणं बंद, अशी पाटीच लावा. फार कडक वाटेल, पण पाल्याशिवाय घेतलेला कचरा म्हणजे शेजाऱ्यांच्या तक्रारीला आमंत्रण.

पेट्या तीन हव्यात: एक भरती होणारी, एक बंद करून तापायला सोडलेली, एक तयार खताची. दोनच असल्या की तापलेल्या ढिगावर रोज कुणीतरी ताजी सालं टाकतो आणि खत कधीच पूर्ण होत नाही. ढीग निदान १ × १ × १ मीटर हवा, त्याहून लहान असेल तर उष्णता धरत नाही. ओल इतकी, की मूठ दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब यावा, धार नको. आतलं तापमान ५५ अंशांच्या वर १५ दिवस राहिलं आणि त्या काळात पाच वेळा ढीग उलथला, तर बहुतेक रोगजंतू आणि तणाचं बी मरतं. लांब दांड्याचा थर्मामीटर घ्या, अंदाजावर जाऊ नका. उंदरांसाठी तळाला आणि बाजूंना ६ मिमीची लोखंडी जाळी. प्लॅस्टिकची ते कुरतडतात.

एक आगाऊ सूचना. बाहेरून शेणखत आणणार असाल तर आधी घेवडा पेरून बघा. तीन कुंड्यांत खत मिसळलेली माती, तीनांत नुसती. तीन-चार आठवड्यांत खताच्या कुंड्यांतली नवी पानं वाटीसारखी आत वळली, तर चाऱ्यावर फवारलेलं तणनाशक (अमिनोपायरॅलिड किंवा क्लोपायरॅलिड) शेणातून आलंय. ते तणनाशक खत कुजवूनही लवकर निघत नाही. एक ट्रॉली सगळ्या वाफ्यांत पसरली की टोमॅटो आणि शेंगभाज्यांचा हंगाम गेलाच समजा.

खुरपं

लव्हाळ्यासाठी: पुठ्ठा अंथरून वर पाला घालण्याची पद्धत साध्या तणाला उत्तम. तण जमिनीलगत कापायचं, माती भिजवायची, पुठ्ठे एकमेकांवर १५ सेंमी चढवून मांडायचे, वर ८-१० सेंमी खत किंवा पाला. लव्हाळा मात्र त्या पुठ्ठ्याला भोक पाडून वर येतो. त्याच्या गाठी मातीत साखळीने जोडलेल्या असतात. वरून उपटलं की साखळी तुटते आणि खाली राहिलेल्या गाठी जोमाने फुटतात. माती ओलसर असताना खणतीच्या काट्याने खालून उचला, हाताने गाठी वेचा आणि दर दोन-तीन आठवड्यांनी नवे कोंब दिसतील तसं पुन्हा. गाठी खताच्या पेटीत टाकू नका. कडकडीत उन्हात फरशीवर पूर्ण वाळवून बाहेर काढा. ओस वाफ्यातला लव्हाळा शेजारच्या सहा वाफ्यांचं नुकसान करतो, म्हणून ओस वाफ्याची मुदत ठरवणं हा शिस्तीचा नाही, तणाचाच प्रश्न आहे.

मुदत अशी: १४ दिवस वाफा बिनलागवडीचा किंवा तणाने भरलेला दिसला की निरोप. आणखी ७ दिवसांत हालचाल नाही, तर वाफा प्रतीक्षायादीतल्या पुढच्याला. आजारपण किंवा प्रवास असेल तर आधी कळवून वाफा झाकून ठेवायची मुभा. आणि हे वाफा देतानाच लेखी. नंतर आणलेला नियम प्रत्येकाला आपल्यावरच रोखलेला वाटतो.

नव्या माणसाला सुरुवातीला अर्धाच वाफा द्या, १.२ × १.२. अख्खा वाफा हौसेने घेतला जातो, पण खुरपणी महिनाभराने सुरू होते.

तासांची हजेरी ठेवा, माझ्या मते. महिन्याला ३ तास सामाईक कामाचे.

झारीवाला

हजेरीला माझा विरोध. तास भरायला लोक येतात आणि अर्धा वेळ उभे राहतात. त्याऐवजी कामं नावावर लावा: गाळणी धुणं, पेटी उलथणं, वाटेवरचं तण, अवजारांना तेल. काम झालं की नाही ते डोळ्यांना दिसतं, तास कोण मोजणार? एक काम दोघांकडे, दर तीन महिन्यांनी बदल.

खुरपं

नावावर कामं चालतील, पण वाटेचं तण कुणीच मागून घेत नाही. ते वाफ्याला जोडा: आपल्या वाफ्याच्या चारही बाजूंची अर्धी वाट आपली. तेवढं झालं तर हजेरीचा हट्ट सोडतो.

काळीमाती

कुणी विचारलं नाही, तरी विचारतो: जागेवर पूर्वी काय होतं? जुन्या रंगाच्या भिंतींलगत आणि रहदारीच्या रस्त्याकडेला मातीत शिसं सापडतं. रंगात आणि पेट्रोलमध्ये ते वर्षानुवर्षं वापरलं गेलं. जागेवर १०-१५ ठिकाणची वरची माती एकत्र करून प्रयोगशाळेत द्या, भिंतीलगतचा नमुना वेगळा. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने निवासी मातीसाठीची तपासणीची पातळी २०२४ मध्ये ४०० वरून २०० पीपीएमवर (दहा लाख भागांत २०० भाग) आणली. धोका मुळात धुळीचा, हातातोंडातून जाणाऱ्या मातीचा. म्हणून वाटा उघड्या ठेवू नका, लाकडाचा भुसा किंवा साल पसरा. उंच वाफ्यांखाली जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं पण माती अडवणारं कापड) नसेल तर गाजर-मुळा आणि पालेभाज्यांपेक्षा फळभाज्या बऱ्या.

आणि फळ्या कसल्या आहेत? जुने रेल्वे स्लीपर असतील तर त्यांत क्रिओसोट (लाकूड टिकवायला मुरवलेलं विषारी डांबरी तेल) असतं. ते भाजीच्या वाफ्याला नकोत.

जागेचा करारही काढून बघा. दुसरा नळ किंवा मोठी पाइपलाइन टाकण्याआधी मुदत किती उरली ते कळायला हवं. १९९९ मध्ये न्यूयॉर्क शहराने शंभराहून जास्त सामूहिक बागांच्या जागा लिलावात काढल्या होत्या. संस्थांनी त्या विकत घेतल्या म्हणून वाचल्या. लॉस एंजेलिसची साउथ सेंट्रल फार्म ही सामूहिक बाग २००६ मध्ये रिकामी केली गेली. वर्ष-दोन वर्षांचीच मुदत असेल तर सगळं उचलून नेता येईल असं करा: स्क्रूने जोडलेले वाफे, जमिनीवरूनच नळ्या.

परसदार

फळ्या नव्या, साध्या लाकडाच्या आहेत. मातीचा नमुना देतो. ठिबकबद्दल एक शंका: नळाला पाणी संध्याकाळी दोनच तास असतं. २ मीटर उंच स्टँडवर ५०० लिटरची टाकी ठेवून तिथून टायमर चालेल का?

झारीवाला

टाकी पुरेल, रोजचे ४१५ बसतात. पण दाब बघा. १० मीटर उंचीला १ बार, म्हणजे २ मीटरला ०.२. पडद्याच्या झडपेचा साधा टायमर एवढ्या कमी दाबावर नीट उघडत-मिटत नाही. मोटरने फिरणाऱ्या बॉलव्हॉल्व्हचा टायमर घ्या, त्याला दाब लागत नाही. दाबनियंत्रक काढून टाका. ड्रिपर दाब-समतोल प्रकारचे (दाब कमीजास्त झाला तरी सारखंच पाणी देणारे) नकोत, तेही ०.२ वर अडून बसतात. साधे चालतील, पण ताशी २ लिटरऐवजी निम्म्याच्या आसपास देतील, म्हणून २२ मिनिटांची ४५ ते ५० करा. नक्की आकडा काढायला एका ड्रिपरखाली पेला ठेवून १५ मिनिटांत किती मिली जमतं ते मोजा. पहिल्या आणि शेवटच्या वाफ्यात फार तफावत दिसली तर मुख्य पाइप ३२ मिमीचा करा. टाकी भरली की ५०० किलो होते, स्टँडचे पाय थेट मातीवर नकोत, खाली काँक्रीटचे ठोकळे घाला. आणि टाकीला घट्ट झाकण, नाहीतर शेवाळ धरून गाळणी रोज धुवावी लागेल, डास वेगळेच.